स्वप्नांवर प्रकल्प? आधी पाठीवरचा आकडा बघा

‘स्वप्नं का पडतात’ हा विषय घेऊन पोरं ग्रंथालयात शिरतात आणि हातात येतं ते ‘स्वप्नात साप दिसला तर धनलाभ’ छापाचं पुस्तक. माझंही बारावीत हेच झालं होतं. अख्खा रविवार गेला, वर सरांचं बोलणं खाल्लं ते वेगळंच.

पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला आकडा बघा. ड्यूई पद्धतीने, म्हणजे विषयवार आकडे देऊन, लावलेल्या ग्रंथालयात १३५ म्हणजे स्वप्नफलं, शकुन वगैरे. झोप आणि स्वप्नांचं मानसशास्त्र १५४.६ ला सापडतं. मेंदू आणि झोपेचं शरीरशास्त्र मात्र ६१२ मध्ये, दुसऱ्याच कपाटात. तिथं जायचं विसरू नका. ‘रेम’ झोपेचा, म्हणजे डोळे भराभर हलतात त्या झोपेचा, १९५३ चा शोध तिकडेच भेटेल. मांडूक्य उपनिषदातली जागृती, स्वप्न, सुषुप्ती (गाढ झोप) हवी असेल तर धर्माचं कपाट.

कोल्हापुरात मराठी पुस्तकांसाठी आधी करवीर नगर वाचन मंदिर गाठा, १८५० पासूनचं आहे. इंग्रजी संदर्भग्रंथांसाठी शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय. बाहेरच्या विद्यार्थ्याने कॉलेजचं ओळखपत्र आणि प्राचार्यांचं पत्र जवळ ठेवावं, नाहीतर फाटकावरूनच परत.

घरबसल्या वाचायचं तर मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडने स्वप्नांवर लिहिलेल्या ग्रंथाचं १९१३ चं इंग्रजी भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. मूळ जर्मन ग्रंथ बाजारात आला नोव्हेंबर १८९९ मध्ये, पण आत साल छापलंय १९००. संदर्भात मूळ ग्रंथाचं साल १९००च लिहा, तोंडीला विचारलंच तर गोष्ट सांगा. सगळा वाचत बसू नका, जाडजूड आहे; अनुक्रमणिका बघून एखादंच प्रकरण घ्या.