पाच जण एकदम अंगावर घेताना

मी ऑनलाइन खेळात टँक झाले, म्हणजे शत्रूंचा मार स्वतःच्या अंगावर घेणारी, ती भाच्यामुळे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक सुरू झालं, आपल्याकडे २७ तारखेच्या पहाटे साडेतीनला. हा पठ्ठ्या अलार्म लावून उठला होता. प्रीस्ट, म्हणजे बाकीच्यांचा जीव भरून काढणारा हीलर, घेतला आणि सकाळी मला फोन, "मावशी, तू वॉरियर घे ना, टँकच मिळत नाहीत." मी डोंबिवलीत दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे दुपारी दोन ते चार मोकळी असते. म्हटलं, बघू. पुढचे दोन महिने माझ्यामुळे तो इतक्या वेळा मेला, की शेवटी मी वही-पेन घेऊन बसले. त्या वहीतलं हे.

खालचं सगळं मूळ क्लासिकमधल्या वॉरियरबद्दल आहे, तिशी-चाळिशीच्या लेव्हलचं, आणि बरंचसं स्कार्लेट मॉनेस्टरी या खेळातल्या मठात शिकलेलं. पुढच्या विस्तारांमध्ये वॉरियरला बरीच जास्तीची हत्यारं मिळाली, तिथे हे तसंच्या तसं लागू करू नका. आणि खेळातल्या दोन बाजूंपैकी मी होर्डची, टॉरेन (बैलासारखी जमात) आहे. आमच्या बाजूला तेव्हा पॅलाडिनच नव्हते. पॅलाडिन हा दुसरा एक योद्धा, तो जमिनीवर कॉन्सेक्रेशन टाकतो आणि त्यावर उभे असलेले सगळे त्याच्यावर चिडतात. वॉरियरकडे असं काही नाही, म्हणून आपल्याला डोकं चालवावं लागतं.

आधी थ्रेट म्हणजे काय ते. प्रत्येक मॉबकडे (खेळातल्या शत्रूकडे) वाण्यासारखी उधारीची वही असते असं समजा. ज्याच्या नावावर जास्त रक्कम, त्याच्या दारात तो जाऊन उभा राहतो. तुम्ही मारलंत, तुमच्या नावावर चढलं. मेजने (जादूगाराने) मारलं, त्याच्या नावावर. मॉब एकदा तुमच्या दारात उभा राहिला की लगेच हलत नाही. जवळून मारणाऱ्याला तुमच्या दहा टक्के पुढे जावं लागतं, लांबून मारणाऱ्याला तीस टक्के. डिफेन्सिव्ह स्टान्समध्ये (बचावाच्या पवित्र्यात) तुमचा प्रत्येक आकडा १.३ ने गुणून लिहिला जातो, म्हणून तिथेच राहायचं.

हीलरचा हिशोब मात्र वेगळा, आणि सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. हीलरने तुमचे हजार पॉइंट भरून काढले, तर त्याच्या नावावर निम्मे, म्हणजे पाचशे चढतात, आणि तेसुद्धा लढाईत असलेल्या सगळ्या मॉबमध्ये वाटून. पाच मॉब असतील तर प्रत्येकाच्या वहीत शंभर. फक्त शंभर! पण ज्या मॉबला तुम्ही हातच लावलेला नाही, त्याच्या वहीत तुमच्या नावावर शून्य आहे. मग तो शंभरवाल्याकडे जाणारच. माझा भाचा मरायचा तो असा. मी एकालाच जीव तोडून बडवत होते आणि बाकीचे चार सरळ त्याच्याकडे चालत जायचे.

मग मला वाटलं, पाचही जणांना सारखंच बडवायला हवं. हाही मूर्खपणा. सन्डर आर्मर या फटक्याला १५ रेज (वॉरियरचा संताप, त्यावरच त्याच्या चाली चालतात) लागतो आणि दोन चालींमध्ये दीड सेकंद जातो. पाच जणांना एकेक सन्डर म्हणजे ७५ रेज आणि साडेसात सेकंद. सुरुवातीला खिशात वीस रेज असताना ७५ कुठून आणणार? आणि साडेसात सेकंद कोणता मेज थांबतो?

तर वाटणी असमान करायची. ज्याला सगळे मिळून मारणार आहेत त्याच्यावर भरपूर थ्रेट. बाकीच्यांवर फक्त हीलरच्या वर राहील इतकाच. बस. बाकीच्या चौघांना मेज आणि रोग (खंजीरवाला चोरटा) हात लावणार नसतील, तर तिथे तुमची शर्यत एकट्या हीलरशी आहे, आणि ती दहा-पंधरा रेजमध्ये जिंकता येते.

यासाठी मॉबच्या डोक्यावर खुणा लावा. कवटी म्हणजे आधी, फुली म्हणजे नंतर, चंद्र म्हणजे मेजने मंत्राने मेंढी करून थोडा वेळ लढाईबाहेर ठेवायचा. पहिल्या पुलच्या (मॉबचा गट अंगावर ओढण्याच्या) आधी एकदाच सांगा की कवटी सोडून दुसऱ्याला मारलंत तर तो मॉब तुमचा, मी धावणार नाही. मी हे अगदी शिकवणीतल्या आवाजात सांगते. एरिया स्पेल, म्हणजे सगळ्यांना एकदम लागणारा मंत्र, टाकायची खाज सुटलेला मेज प्रत्येक पार्टीत (खेळाडूंच्या टोळीत) असतोच.

आता एक पुल जवळून दाखवते. मॉनेस्टरीच्या लायब्ररीत लोक्सी हा पहिला मोठा शत्रू आणि त्याची कुत्री संपवून आत गेलात की स्कार्लेटवाले गटागटाने उभे असतात. समजा चौघं आहेत, दोन तलवारवाले आणि दोन मागून मंत्र मारणारे. एका मंत्रवाल्याला चंद्र. दुसऱ्याला कवटी, कारण मंत्रवाला जेवढा जास्त जगेल तेवढा त्रास. मी आधी पार्टीला मागच्या वळणाच्या आड नेते. ब्लडरेज दाबते, त्याने लगेच दहा रेज मिळतो आणि पुढच्या दहा सेकंदांत आणखी दहा. कवटीवर बंदूक झाडते आणि पाठ फिरवून वळणाच्या आत पळते. तलवारवाले मागे येणारच. मंत्रवाला एरवी लांबच उभा राहून आग फेकतो, पण मी दिसेनाशी झाले की त्याला यावंच लागतं. यात एकच अट, पार्टीतल्या एकानेही डोकं बाहेर काढायचं नाही. एक हंटर कुतूहलाने वाकून बघतो आणि मंत्रवाला तिथेच थांबतो. चंद्रवाला वाटेतच मेंढी होऊन मागे राहतो, आणि तेच हवं असतं.

तिघं वळणावर आले की लगेच हाणामारी नाही. तिघंही दहा यार्डांत येईपर्यंत थांबायचं, दोन सेकंद फार तर, आणि मग डिमॉरलायझिंग शाउट. दहा रेजमध्ये सगळ्यांच्या वहीत तुमचं नाव लागतं. रक्कम बारीक असते, पण शून्य नसते. वर त्यांचा मारही कमी होतो. मग कवटीवर सन्डर, टॅब (याने पुढचा मॉब निवडला जातो), फुलीवर सन्डर, टॅब, तिसऱ्यावर सन्डर, परत कवटीवर. एका सन्डरची किंमत वरच्या लेव्हलला दोनशेच्या वर जाते, म्हणजे हीलरचे शंभर कधीच मागे पडले. तोवर तिघांचा मार खाऊन रेज भरलेला असतो. वॉरियरची गंमतच ही आहे, जेवढे जास्त मारणारे तेवढा जास्त रेज. सुरुवातीचे चार सेकंद भिकेचे, नंतर खर्च करायला वेळ पुरत नाही.

शील्ड ब्लॉककडून गटासमोर फार अपेक्षा ठेवू नका. मूळ रूपात तो एकच वार अडवून संपतो, पाच जणांसमोर अर्ध्या सेकंदाचं काम. मी तो दाबते रिव्हेंजसाठी. वार अडला की रिव्हेंज उघडतो, पाच रेजमध्ये कवटीवर मोठा थ्रेट. याच्याइतका स्वस्त सौदा वॉरियरकडे दुसरा नाही. क्लीव्ह हा फटका दोघांना लागतो, पण मेंढी जवळ असेल तर हात आवरा, एका फटक्यात ती परत माणूस होते. जवळच्या सगळ्यांना लागणाऱ्या थंडर क्लॅपला बॅटल स्टान्समध्ये (हल्ल्याच्या पवित्र्यात) जावं लागतं आणि स्टान्स बदलला की रेज सांडतो. तो थोडा वाचवणारी टॅक्टिकल मास्टरी घेतली नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. चार्ज मारून गटाच्या मधोमध उतरणं दिसायला झकास, पण त्याने मेंढी, मंत्रवाले आणि शेजारचा गट सगळं एकत्र कालवलं जातं.

उभं कसं राहायचं हे फारसं कुणी सांगत नाही. पाठीमागून आलेला वार ढालीवर घेता येत नाही, तलवारीने अडवता येत नाही, चुकवताही येत नाही. पळताना मागून बसला तर वर पाय जड होतात ते वेगळं. मॉब धावत येताना तुमच्या अंगातून आरपार जाऊन मागे उभे राहतात. म्हणून ते पोचले की दोन पावलं मागे सरकायचं, सगळे समोर येतात. मी बहुतेकदा भिंतीलाच पाठ लावते. सकाळची सीएसटी फास्ट पकडणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

टॉन्ट पहिल्यांदा दाबू नका. टॉन्टने तुमची रक्कम सगळ्यात वरच्याइतकी होते आणि तीन सेकंद तो मॉब तुम्हालाच मारतो. तुम्ही आधीच वर असाल तर टॉन्ट फुकट गेला, आणि पुढचे दहा सेकंद तो हाताशी नाही. एखादा सुटून गेलाच तर टॉन्ट, आणि लगेच त्याच्यावरच सन्डर. लगेच नाही मारलात तर तीन सेकंदांनी तो परत जातो आणि तुम्हाला वाटतं टॉन्ट चाललाच नाही.

आमचा सर्व्हर युरोपात, माझा पिंग (संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या खाली क्वचित येतो, पावसाळ्यात तर विचारू नका. त्यामुळे टॅब दाबून भलताच मॉब निवडला जातो. व्ही दाबून मॉबच्या डोक्यावरच्या पट्ट्या चालू ठेवा आणि सुटलेल्याच्या पट्टीवर सरळ माउसने क्लिक करा.

हीलर तुमच्या घरचा असेल तर त्याला चार गोष्टी स्पष्ट सांगता येतात. मॉब अंगावर आला की माझ्याकडे पळत ये, लांब पळू नकोस. माझा टॉन्ट जवळूनच लागतो, तू कॉरिडॉरच्या टोकाला गेलास तर मी काय करणार? पुलच्या आधी मला शील्ड (मार शोषणारं मंत्राचं कवच) लावू नकोस, शील्डवर गेलेल्या माराचा मला रेज मिळत नाही, मी रिकाम्या हाताने उभी राहते. रिन्यू, म्हणजे हळूहळू जीव भरणारा मंत्र, तोसुद्धा शाउट ऐकल्यावरच. आणि मॅना (मंत्रांची ताकद) भरायला पाणी प्यायला बसलास तर सांग. हे शेवटचं मी अजून विसरते. स्क्रीनवर त्याचा मॅना दिसत असतो, तरी मी पुढचा गट ओढते आणि मागून आवाज येतो, "मावशी, बसलोय ना मी!"

पळपुट्यांचं एक राहिलं. स्कार्लेटवाले माणसं आहेत, जीव थोडा उरला की पळतात आणि शेजारच्या खोलीतून चुलतभाऊ घेऊन येतात. पळणाऱ्याचे पाय जड करणारा हॅमस्ट्रिंग डिफेन्सिव्ह स्टान्समध्ये चालत नाही, म्हणून हे काम मी मेजच्या फ्रॉस्टबोल्टवर (बर्फाच्या मंत्रावर) सोपवते. तुम्ही त्याच्या मागे धावू नका. तुम्ही धावलात की बाकीचे दोघे तुमच्या पाठीवर आणि तुम्ही नव्या गटात.

तरीही सगळं फिसकटलं, तीन जण प्रीस्टवर आणि टॉन्ट वापरून झालेला, तर टॉरेनकडे वॉर स्टॉम्प आहे. जवळच्या पाच जणांना दोन सेकंद जागच्या जागी थिजवतो. मी प्रीस्टपाशी धावत जाऊन आदळते, मग शाउट, मग सन्डर. स्टॉम्पही वापरून झाला असेल, म्हणजे तो दोन मिनिटं मिळणार नसेल, तर चॅलेंजिंग शाउट, सगळे सहा सेकंद तुमच्यावर. मग ते बटण दहा मिनिटं काळं. भाच्याने त्याच्यासाठी मोबाइलवर टायमर लावून ठेवलाय. तो वाजेपर्यंत आम्ही दोन-दोनचे गटच घेतो आणि मध्ये मी चहा टाकून येते.