मोटारीची धार बंद झाली तेव्हा

गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात आमचा डोंगा चालतो, मागं ५ एचपीची छोटी मोटार. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खाली गाळ, वर जलपर्णी. परवा मोटार थंड ठेवून तिच्या मागून पडणारी पाण्याची धार बंद झाली. पंखा तर फिरत होता, म्हणून मी रेटत राहिलो. चूकच. दोन मिनिटांत जळका वास.

बंद करून मोटार वर उचलली. पंख्याला शेवाळाचा पीळ बसलेला. तो विळ्यानं कापला. पाणी ओढायची जाळीही गच्च. ती साफ केली, तरी धार बारीकच. घरी खालचा भाग खोलला, तर हे पाणी ओढणाऱ्या पंपाच्या रबरी चक्रीची दोन पाती तुटलेली. गाळातली रेती रबर खाते, त्यात कोरडी फिरली की संपलंच. नवी चक्री बसवली, पण आधी तुटलेले तुकडे शोधले. एक वरच्या नळीत अडकला होता! तो राहिला असता तर नवी चक्रीही फुकट गेली असती.

आता उथळात मोटार एक खाच वर ठेवतो, जाळी मात्र पाण्याखालीच. बेशरमीच्या झुडपांजवळ मोटार बंद, बांबू हातात. म्हातारे पहिल्यापासून तेच सांगत होते म्हणा.