प्रायमरी नर्सिंग सुरू करताय? या चुका टाळा

प्रायमरी नर्सिंग म्हणून खाटेवरच्या पाटीवर सिस्टरचं नाव लिहून बहुतेक वॉर्ड मोकळे होतात आणि महिन्याभरात सगळं पूर्वीसारखंच चालू होतं: एक सगळ्यांची औषधं देते, दुसरी सगळ्यांची ड्रेसिंग करते. 1960च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात परिचारिका मेरी मँथी आणि सहकाऱ्यांनी प्रायमरी नर्सिंगची पद्धत आणली ती नेमकी कामांची ही विभागणी मोडायला. दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत रुग्णाच्या शुश्रूषेचे निर्णय एकाच परिचारिकेचे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जबाबदारी द्यायची, पण अधिकार द्यायचा नाही. समजा, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या एका आजींना दुखण्याची गोळी लागू पडल्यावरच चालवायचं, असं त्यांच्या सिस्टरनं ठरवलं. ती घरी गेल्यावर संध्याकाळच्या पाळीनं कामं उरकायची म्हणून त्यांना आधीच उठवलं. आजी कळवळल्या. दुसऱ्या दिवशी खाटेवरून पाय खाली सोडायलाही तयार नाहीत! इथं नियम स्पष्ट हवा: तिच्या गैरहजेरीत तिचाच आराखडा चालेल. प्रकृती बदलली तर ड्युटीवरच्या सिस्टरनं तो जरूर बदलावा, पण कारण लिहून.

राउंडला डॉक्टर सवयीनं इन्चार्ज सिस्टरलाच विचारतात. इन्चार्जनं उत्तर देऊ नये. त्या रुग्णाच्या सिस्टरला पुढे करावं. अवघड जातं हे, विशेषतः जुन्या इन्चार्जना.

ड्युटी लावताना खाटांचे क्रमांक मोजून वाटप करू नका. दोन अत्यवस्थ रुग्ण आणि सहा बरे होत आलेले, हा हिशेब वेगळा. शक्यतो कालचेच रुग्ण आजही त्याच सिस्टरकडे ठेवा. हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवणं, टेबलापाशी न उरकता खाटेजवळ घ्या, रुग्णालाही बोलू द्या. खासगी बाबी मात्र बाजूला जाऊन सांगा.

एक गैरसमज चिवट आहे: सगळं तिनंच करायचं. नाही. अंघोळ, भरवणं यांत मदतनीस हवेतच. काय, कधी, कसं हे तिनं ठरवायचं.

घडी बसली का, हे तपासायला रुग्णाला विचारा, ‘तुमची सिस्टर कोण?’ नाव आलं नाही, तर आधी ड्युटीचा तक्ता पाहा. दोष बहुधा तिथंच सापडतो. नाव येतं पण दोघांचं जमत नाही, असंही होतं. तेव्हा गाजावाजा न करता सिस्टर बदला आणि आधीचीला चौकशीला उभं करू नका.