विंडोज १० वरच थांबायचं होतं, ते असं जमवलं

काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात बिलिंगचा जुना पीसी आहे. त्याला जोडलेल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा विंडोज ११ साठीचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) कुठेच मिळाला नाही. त्यामुळे अपग्रेडची सूचना झळकली की काकांच्या पोटात गोळा यायचा. समोर गिऱ्हाईक उभं, आणि घाईत पोराने होकार दाबला तर?

अपडेट सर्व्हिसच बंद करा, असं बरेच जण सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. त्याने सुरक्षेचे अपडेटही अडतात, आणि हिशेबाच्या पीसीवर तो धोका कशाला?

पीसीवर प्रो आवृत्ती होती, म्हणून ग्रुप पॉलिसी एडिटर, म्हणजे विंडोजचे आतले नियम ठरवायचा प्रोग्राम, उघडला. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, विंडोज अपडेट, आणि त्याच्या आत विंडोज अपडेट फॉर बिझनेस. तिथे ‘सिलेक्ट द टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन’ एनेबल केलं. एका रकान्यात विंडोज १०, दुसऱ्यात २२एच२, म्हणजे विंडोज १० ची शेवटची आवृत्ती. पीसी मग तिथेच थांबतो. टाइप मात्र इंग्रजीतच करायचं. रीस्टार्टनंतर अपडेटच्या पानावर लाल अक्षरांत ‘काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहेत’ अशा अर्थाची ओळ आली. घाबरू नका, पॉलिसी लागू झाल्याची ती खूण आहे.

होम आवृत्तीत हा एडिटर नसतो. तिथे हेच काम रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठवल्या जातात तिथून होतं, आधी बॅकअप घेऊन.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून काकांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणीही केली. ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. तोवर नवा प्रिंटर बघतोय.