लिनियरसाठी वॅटमीटर घेताय? आधी या चुका टाळा

हॅम रेडिओत लिनियर, म्हणजे ट्रान्समीटरची पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर, आला की पाठोपाठ ती पॉवर मोजणारा वॅटमीटर येतो, आणि गडबड तिथंच होते. '2000 वॅटचा घेऊन टाकू, परत बघायला नको,' असं मलाही वाटलं होतं. कोल्हापूरच्या राजारामपुरीत गच्चीवर डायपोल ॲन्टेना ताणलेला, खाली 400 वॅटचा लिनियर, आणि काटा 300 च्या पुढं सरकेना. दोन रविवार लिनियर उघडून बसलो. लिनियर ठणठणीत होता. मी मीटरच चुकीचा निवडला होता.

टक्के कशाचे, हे न बघणं

मीटरच्या कागदावर 'अचूकता ±10 टक्के' असं असतं. हे टक्के बहुतेक वेळा फुल स्केलचे, म्हणजे स्केलवरच्या सगळ्यात मोठ्या आकड्याचे असतात, काटा दाखवतो त्या आकड्याचे नव्हेत. 2000 च्या स्केलवर 10 टक्के म्हणजे 200 वॅट. खरी पॉवर 400 असताना काटा 200 वर थांबला किंवा 600 वर गेला, तरी तो मीटर कागदाप्रमाणे बरोबरच ठरतो! त्याच स्केलवर 100 वॅट मोजायला गेलात तर त्या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

आपल्याकडं हॅम लायसन्सच्या जनरल ग्रेडची मर्यादा 400 वॅट. मग 2000 चा स्केल हवाय कशाला? रोजची पॉवर स्केलच्या वरच्या एक-तृतीयांशात येईल असा मीटर घ्या. बर्ड 43 या मीटरची अचूकता फुल स्केलच्या ±5 टक्के आहे. त्यात 500 चा स्लग (रेंज ठरवणारा, बदलता येणारा भाग) घातला तर चूक 25 वॅटच्या आत राहते, 1000 चा घातला तर तीच 50 होते. 'पुढं लागेल' म्हणून मोठा स्लग घेणं म्हणजे पैसे देऊन अचूकता घालवणं. स्लगवरचं अक्षरही वाचा. एच म्हणजे 2 ते 30 मेगाहर्ट्झ, म्हणजे 2 मेगाहर्ट्झच्या खालचा 160 मीटर बँड त्याच्या बाहेर पडतो.

रिफ्लेक्टेड, म्हणजे ॲन्टेनाकडून परत येणाऱ्या पॉवरला हाच हिशेब जास्त जाचतो. 400 वॅट पुढं जातायत आणि एसडब्ल्यूआर (ॲन्टेना किती जुळलाय याचं माप, 1 म्हणजे उत्तम) 1.5 आहे, तर परत येणार 16 वॅट. 500 च्या स्लगवर ते 25 वॅटच्या चुकीत हरवतात. त्यासाठी 50 चा वेगळा स्लग ठेवा, पण लिनियर चालू असताना त्याचा बाण (बाणाच्या दिशेनं जाणारी पॉवर मोजली जाते) ॲन्टेनाकडं वळवू नका. स्लगमधला डायोड जातो, सोबत मीटरही जाऊ शकतो.

'पीईपी'च्या बटणावर विश्वास

'एसएसबीवर लिनियर निम्मीच पॉवर देतोय' ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. एसएसबी या बोलायच्या मोडमध्ये पॉवर आवाजाबरोबर वर-खाली होते, तिचं शिखर म्हणजे पीईपी, म्हणजेच पीक. सरासरी दाखवणारा मीटर बोलताना पीकच्या पाव ते तिसऱ्या भागाएवढाच हलतो. ते बघून माणूस माइक गेन वाढवतो, आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरच्यांना त्रास सुरू होतो. स्वस्त मीटरमध्ये पीईपीचं बटण म्हणजे नुसता एक कपॅसिटर असतो, तोही कमीच दाखवतो. खऱ्या पीक सर्किटला बहुधा 12 व्होल्ट सप्लाय द्यावा लागतो. घेताना हा प्रश्न आवर्जून विचारा.

पारख घरीच होते. डमी लोड (ॲन्टेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा, एसएसबीवर माइकमध्ये लांब शीळ घाला, आकडा बघा. मग नेहमीसारखं बोला. पीक मीटर त्या आकड्याच्या जवळ पोचला पाहिजे. एफटी8 या डिजिटल मोडवर हा प्रश्न येत नाही, पण तिथं 12.64 सेकंद सलग पूर्ण पॉवर जाते. त्यामुळं मीटर आणि डमी लोड दोन्हीचं सलग रेटिंग बघून घ्या.

आकडा पडताळून न बघणं

50 ओहमच्या डमी लोडवर 25 वॅट म्हणजे 50 व्होल्ट पीक. ऑसिलोस्कोपवर एवढं सहज बघता येतं. 400 वॅटला तेच 200 व्होल्ट होतात, तिथं साधा प्रोब लावू नका. फ्रिक्वेन्सी वाढते तशी प्रोबची व्होल्टेज सोसायची ताकद घटते, 7 मेगाहर्ट्झवर तर फारच.

मीटर लावायचा लिनियर आणि ट्यूनर (ॲन्टेना लिनियरशी जुळवणारं यंत्र) यांच्या मध्ये. ट्यूनरच्या पुढं, ॲन्टेनाच्या बाजूला लावला तर लिनियरला काय दिसतंय ते कळत नाही.

पावसात एसडब्ल्यूआर सुधारला म्हणून खूश होणं

कोल्हापूरच्या पावसात हे हमखास होतं. जुलैत एसडब्ल्यूआर 1.8 वरून 1.2 वर येतो, आणि तरी समोरच्याकडून सिग्नलचा रिपोर्ट कमी मिळतो. बहुतेक वेळा कोॲक्समध्ये, म्हणजे ॲन्टेनाच्या केबलमध्ये, पाणी शिरलेलं असतं. परत येणारी पॉवर केबलच खाऊन टाकते, त्यामुळं शॅकमधल्या (रेडिओच्या खोलीतल्या) मीटरला ती दिसतच नाही.

ॲन्टेनाच्या टोकाला केबल शॉर्ट करा आणि शॅकमधून ॲन्टेना ॲनालायझरनं एसडब्ल्यूआर बघा. लिनियर या कामाला वापरू नका. चांगल्या केबलवर आकडा खूप मोठा यायला हवा. तो 3 आला तर केबलमध्ये 3 डेसिबल, म्हणजे निम्मी पॉवर जिरतेय. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, ही चाचणी एकदा घ्या आणि आकडा तारखेसह कागदावर लिहून मीटरच्या मागं चिकटवा. जुलैत ताडून बघायला तोच लागतो.