रिमॅपिंगनंतर कंट्रोलरचं बटण उशिरा लागतंय? उशीर कुठे होतोय ते आधी पकडा

डीएस४विंडोज, स्टीम इनपुट, रीवॉस्ड, जॉयटूकी, कंट्रोलरच्या बटणांची कामं बदलणारं (रिमॅपिंगचं) कुठलंही सॉफ्टवेअर, म्हणजे मॅपर, लावलं आणि गेम जड वाटायला लागला की पहिला संशय मॅपरवर जातो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. कंट्रोलरचा रिपोर्ट (कुठलं बटण दाबलंय ही माहिती) वाचायचा, बटणं बदलायची आणि आभासी, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या, कंट्रोलरकडे किंवा कीबोर्डकडे सोपवायचा, या कामाला लागणारा वेळ किरकोळ असतो. हाताला जाणवेल इतका उशीर सहसा सेटिंगमध्ये, ब्लूटूथमध्ये नाहीतर पार स्क्रीनच्या टोकाला दडलेला असतो.

म्हणून आधी मोजा. फोनचा स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवा, अंगठा आणि स्क्रीन एकाच चौकटीत येतील असा फोन टेकवा आणि उडीचं बटण दहा वेळा दाबा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम सरकवत, बटण पूर्ण खाली गेल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद, १८ फ्रेम भरल्या तर ७५. (९६० फ्रेमच्या मोहात पडू नका, काही फोन मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घालतात.) दहाची सरासरी काढा. मॅपर बंद करा आणि त्याच गेममध्ये, त्याच जोडणीवर पुन्हा दहा वेळा मोजा. गेम कंट्रोलर थेट ओळखत नसेल तर कीबोर्डवरून मोजून तुलना करा. फरक एक-दोन फ्रेमच्या आत असेल तर मॅपर निर्दोष आहे.

फरक मोठा निघाला तर थर किती आहेत ते पाहा. डीएस४विंडोज खऱ्या कंट्रोलरवरून आभासी एक्सबॉक्स ३६० कंट्रोलर तयार करतं. स्टीम इनपुट चालू असेल तर तो आभासी कंट्रोलर पुन्हा पकडून त्याच्यावर आणखी एक थर चढवतं. लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंट्रोलर, आणि तिथे ‘डिसेबल स्टीम इनपुट’ निवडा. किंवा उलट करा, स्टीम ठेवा आणि दुसरं बंद करा. दोघांपैकी एकच.

मेनूमध्ये एकदा दाबल्यावर दोन घरं पुढे जात असेल तर गेमला खरा आणि आभासी असे दोन्ही कंट्रोलर दिसताहेत. हिडहाइड या कंट्रोलर लपवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या कंट्रोलरवर टिक करा, पण त्याआधी परवानगीच्या यादीत मॅपरची एक्झी फाइल टाका. ती राहिली तर मॅपरलाही कंट्रोलर दिसत नाही आणि सगळंच ठप्प होतं. नंतर कंट्रोलर काढून पुन्हा जोडा.

आता सगळ्यात मोठा चोर. समजा, एकाच बटणावर एकदा दाबलं तर उडी आणि दोनदा दाबलं तर डॉज ठेवलंय. पहिला दाब आल्यावर दुसरा येणार आहे की नाही हे सॉफ्टवेअरला कसं कळणार? ते थांबून राहतं. डबल प्रेसची मुदत २५० मिलिसेकंद असेल तर साधी उडी किमान तेवढी उशिरा लागणार. यात सॉफ्टवेअर मंद नाही, आपणच त्याला थांबायला सांगितलंय. लाँग प्रेसचंही तसंच: छोटा दाब होता की लांब, हे बहुधा बोट उचलल्यावरच ठरतं.

उपाय म्हणजे उडी, गोळी, ब्लॉक अशा घाईच्या बटणांवर दुसरी कृती लावायचीच नाही. डबल प्रेस नकाशा, टॉर्च असल्या निवांत कामांना द्या, किंवा दुसरी कृती शिफ्ट लेयरवर (दुसरं एक बटण धरल्यावर लागू होणाऱ्या मांडणीवर) न्या. स्टीममध्ये ‘रेग्युलर प्रेस’ऐवजी ‘स्टार्ट प्रेस’ लावला तर कृती दाबताक्षणी होते, पण मग लांब दाबतानाही आधी ती होणारच. शिवाय धरून ठेवायच्या बटणाला, म्हणजे नेम किंवा ॲक्सिलरेटरला, तो चालत नाही. रेकॉर्ड केलेला मॅक्रो (एका बटणावर लावलेली दाबांची मालिका) असेल तर उघडून पाहा, रेकॉर्ड करताना बोट जिथे रेंगाळलं ते पॉजही त्यात बसलेले असतात. ते काढून टाका.

उशीर कधी आहे, कधी नाही, असं होत असेल तर केबल लावून पाहा. नुसती चार्जिंगची केबल नको, तिच्यातून डेटा जात नाही आणि कंट्रोलर गुपचूप ब्लूटूथवरच राहतो. केबलवर त्रास गेला तर दोष रेडिओचा. यूएसबी ३ पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि ब्लूटूथ तिथेच चालतं, म्हणून ब्लूटूथ डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) यूएसबी २ पोर्टमध्ये, एक्स्टेंशन लावून समोर आणा. मदरबोर्डचं ब्लूटूथ असेल तर मागचे अँटेना खरंच लावलेत का ते बघा. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या, ब्लूटूथ हेडफोन बंद करा. डीएस४विंडोजच्या प्रोफाइलमध्ये ड्युअलशॉक ४ (प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर) साठी ब्लूटूथ पोल रेट, म्हणजे कंट्रोलरने किती वेळाने माहिती पाठवायची ते, असतो. ४ मिलिसेकंद, म्हणजे २५० हर्ट्झ, पुरतात. कमजोर डोंगलवर १००० हर्ट्झ लावले तर उलट अडखळायला लागतं.

विंडोज ११ वर एक बारीक गोम आहे. मॅपरची विंडो मिनिमाइझ झाली किंवा गेमखाली पूर्ण झाकली गेली, की त्याने मागितलेला बारीक टायमर विंडोज पाळेलच असं नाही. ठरावीक वेळाने कंट्रोलर तपासणारं सॉफ्टवेअर मग १५.६ मिलिसेकंदांच्या मूळ ठोक्यावर घसरू शकतं. शंका असेल तर विंडो दुसऱ्या मॉनिटरवर उघडी ठेवून पुन्हा मोजा.

बटणं वेळेवर, पण स्टिक सुस्त? तो डेडझोन, म्हणजे स्टिकच्या मधला भाग, जिथली हालचाल मोजलीच जात नाही. मॅपरमध्ये १५ टक्के आणि गेममध्ये पुन्हा १५ टक्के असेल तर अंगठा बराच सरकल्यावर हालचाल सुरू होते. एका ठिकाणी शून्य करा, दुसरीकडे स्टिक स्वतःहून सरकणार नाही इतकाच ठेवा.

आणि मॅपर बंद असतानाही आकडा मोठाच असेल तर व्ही-सिंक (गेमच्या फ्रेम स्क्रीनच्या ठोक्याशी जुळवणारी सेटिंग) बंद करा, टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा. ६० फ्रेमवर एकेक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. व्ही-सिंकने दोन फ्रेम रांगेत थांबल्या तरी ३३ गेले.