टाकी १२५ सीसीची, मग नळी कुणाची?

रिमोटवर चालणाऱ्या १:८ नायट्रो बगीच्या (खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश मापाची, मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनावर पळणारी ऑफ-रोड गाडी) शर्यतीत आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १२५ सीसीपेक्षा (१ सीसी म्हणजे १ मिली) जास्त इंधन चालत नाही. १:१०च्या २०० मिमी रुंद ऑन-रोड (सपाट ट्रॅकवरच्या) गाडीला मर्यादा ७५ सीसीची. नवखे इथेच फसतात, कारण मोजमाप नुसत्या टाकीचं नसतं. कार्ब्युरेटरपर्यंतची नळी आणि फिल्टरही त्यात धरतात. टाकीवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका.

घरीच मोजा. टाकी, नळी, फिल्टर पूर्ण रिकामे करा. नळीचं कार्ब्युरेटरकडचं टोक चिमट्याने दाबा आणि ५० मिलीच्या सिरिंजने मोजून इंधन भरा. गाडी थोडी हलवा, अडकलेले बुडबुडे वर येतील. मग काठोकाठ करा. हातमोजे घाला आणि हे उघड्यावरच करा, इंधनातलं मिथेनॉल विषारी असतं.

आकडा १२६ आला तर? अडीच मिमी आतल्या व्यासाच्या २० सेंमी नळीत जवळपास १ सीसी मावतं. उगाच वेटोळं घातलेली नळी आखूड करा, लहान फिल्टर लावा. मी तर १२४वरच थांबतो. प्लॅस्टिकची टाकी गरम झाली की किंचित फुगते, म्हणून गाडी पळवून आल्यावर, इंजिन बंद करून, पुन्हा एकदा मोजा.